उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकण किनाऱ्याने गाडीने गोव्याला जाताना एकच दिवस निवांत काढता येणार असेल, तर तो कुठे काढावा?

तुम्ही लिहिलंय की मेच्या शेवटी पुण्याहून निघणार, दापोलीजवळच्या मुरुडला मुक्काम करणार आणि दुसऱ्या दिवशी एका दमात मालवण गाठणार. मधे गाडी चालवायला मजा येईल असा एखादा पट्टा असेल तर सांगा, असं विचारलंय. सांगते, पण आधी ते ‘एका दमात मालवण’ खोडून टाका. मुरुड ते रत्नागिरी, बस्स. त्याला सकाळी सहा ते रात्री आठ असा अख्खा दिवस द्या.

अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या मधे कुठेतरी. हे ऐकून पुण्याच्या माणसाला हसू येतं, मलाही आलं होतं. तेवढ्या वेळात आपण नागपूरच्या वेशीला टेकतो. पण आमच्या नऊ दिवसांच्या सहलीत ताम्हिणी झाला, विजयदुर्गचा रस्ता झाला, परतताना आंबोली झाली, आणि तरी घरात अजून विषय निघतो तो याच दिवसाचा.

(तुम्ही ‘दापोलीजवळचं’ असं स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. मुरुड दोन आहेत. जंजिऱ्याचं मुरुड रायगडात, हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, महर्षी कर्व्यांचं. आमच्या ओळखीतल्या एकांनी खोली एका मुरुडात घेतली आणि गाडी दुसऱ्यात नेली.)

आम्ही पाच जण होतो: मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. गाडी छोटी, पेट्रोलवरची, आणि चालवायला मी एकटी. नवऱ्याला गाडी येते, पण रिव्हर्स येत नाही. कोकणात बाकी काही आलं नाही तरी निभतं, रिव्हर्स मात्र यावाच लागतो. ते पुढे येईलच.

या दिवसाचं वेळापत्रक आखलं सासूबाईंनी. त्यांचं माहेर गुहागर तालुक्यातलं, पोफळीच्या आगरातलं घर. आता तिथे कुणी राहत नाही. आदल्या संध्याकाळी मुरुडला ज्या घरी उतरलो होतो तिथे पडवीत चहा पीत मी फोनवर अंतरं मोजत बसले होते. आई म्हणाल्या, “हेदवीला बामणघळ बघायची आहे ना? मग उद्या तिथी कोणती ते बघ आधी.” (बामणघळ म्हणजे समुद्रकाठच्या कातळातली चीर, भरतीलाच बघण्यासारखी.) मला वाटलं, आता अमुक दिवशी प्रवास करू नये वगैरे निघणार. तर तसं काही नव्हतं. त्या उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं, म्हणाल्या, “कालच बुद्धपौर्णिमा झाली नाही का. उद्या वद्य द्वितीया. बे पाऊण दीड. दीडच्या सुमाराला पाणी वर असेल.”

मुलीने विचारलं, बे पाऊण म्हणजे काय. तिला अडीचकीसुद्धा ठाऊक नाही, पाऊणकी कुठून असणार. आजीने समजावलं: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचा पाऊणपट करायचा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. अष्टमी असेल तर सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यांचे वडील याच हिशेबाने तरीवर, म्हणजे होडीच्या धक्क्यावर, जायला निघायचे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्या मागोमाग सरकतं, म्हणून हा पाऊण. दिवसातून दोनदा भरती येते, तेव्हा दुपारी दीडची असेल तर दुसरी रात्री दोनच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. घड्याळ लावायला हा हिशेब चालणार नाही, पण गाडी कधी काढायची ते ठरवायला पुरतो. मी गुपचूप फोनवर भरती-ओहोटीचा तक्ता उघडून बघितला. त्यात पावणेएक होतं. आईंना सांगितलं नाही.

सकाळी सहाला निघालो. कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असं करत दाभोळ. समुद्र उजव्या हाताला, पण सारखा दिसत नाही आणि खरी गंमत तीच आहे. रस्ता सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर चढतो. वर सगळं उघडंबोडकं, जांभा दगड, वाळून पिवळं पडलेलं गवत, मधेच करवंदीची जाळी आणि लांबवर चकाकणारी पाण्याची रेघ. मग रस्ता एकदम खाली घसरतो. दोन वळणांत ऊन जातं, माडापोफळींची सावली येते, काच खाली केली तर हवा ओली आणि पिकल्या फणसाचा वास. एक पूल, एक देऊळ, शाळा, चार घरं, की पुन्हा पहिल्या गिअरमध्ये चढ. अशा पाच-सहा वाड्या झाल्या की हात आपोआप गिअरवर जातो. मुंबई-गोवा महामार्गावर हे काही नाही, तिथे फक्त पोचायचं असतं.

बुरोंडीच्या वर अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा केलेला परशुरामाचा मोठा पुतळा आहे. मुलांना आवडला. मला तिथून खाली दिसणारा समुद्र जास्त आवडला.

कोळथऱ्याच्या अलीकडे एका अंगणात रातांबे वाळत घातले होते, तिथे थांबलो. मेच्या शेवटाला हे घरोघर दिसतं, कारण पाऊस यायच्या आत आमसुलं व्हायला हवीत. एक बाई घमेल्यापुढे बसून हाताने सालं कालवत होत्या, कोपरापर्यंत हात जांभळेलाल. फळ फोडून गर आणि बिया बाजूला काढतात, सालं रसात बुडवून उन्हात टाकतात, वाळली की परत त्याच रसात, परत उन्हात. असं पाच-सहा वेळा केल्यावर तो काळपट चिवट रंग येतो. माझ्या मुलाने विचारलं, “हे कशाला, एकदाच बुडवलं तर?” बाई म्हणाल्या, “एकदाच बुडवलेली तुमच्या पुण्यात मिळतात की, बाळा.” दोन किलो घेतली. पुढचे सहा दिवस गाडीला आंबूस वास होता.

दाभोळला आठ वाजता पोचलो तेव्हा गाड्यांची रांग लागलेली. वाशिष्ठीच्या खाडीवर पूल नाही. गाडी फेरीबोटीवर चढवायची आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचं. या भागात तिला ‘जंगल जेट्टी’ म्हणतात, जंगलाशी काही संबंध नाही. ही बोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन गुहागरला जायचं तर चिपळूणचा वळसा. आई सांगत होत्या, त्यांच्या लहानपणी दाभोळला यायचं म्हणजे होडी, आणि होडीत बकरी असायचीच. कुणाची तरी असायची.

चाळीस मिनिटं थांबावं लागलं. सुट्टीत लागतं, चिडू नका. जेट्टीच्या जवळच सतराव्या शतकातली दगडी मशीद आहे, घुमट आणि मिनार असलेली. दाभोळ हे एके काळी मोठं बंदर होतं हे ती बघूनच पटतं, आजच्या गावावरून नाही. रांगेत गाडी लावून आम्ही तिथे जाऊन आलो. नवरा गाडीपाशी थांबला, रांग पुढे सरकली तर ढकलायला. (पुढे जायचं असेल तर त्याला गाडी येते.)

बोटीतून पलीकडच्या डोंगराच्या टोकाला विजेच्या प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. तोच तो एन्रॉन. १९९०च्या दशकात वर्तमानपत्रात रोज ‘दाभोळ प्रकल्प’ वाचलेली आमची पिढी. तो दाभोळात नाहीच, खाडीच्या अलीकडे-पलीकडेचा घोळ आहे. प्रकल्प गुहागर तालुक्यात अंजनवेलला आणि नाव मात्र दाभोळचं. आईंना याचा अजून राग आहे. राग प्रकल्पाचा की नावाचा, ते मी विचारलं नाही.

गुहागरला फार वेळ घालवला नाही. व्याडेश्वराचं दर्शन, घावन-चटणी आणि पेट्रोल. टाकी इथेच भरून घ्या, पुढे तवसाळपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. किनारा लांबलचक, सुंदर आहे, पण त्यासाठी मुक्काम करा. दहाच्या उन्हात वाळूत उतरून उपयोग नाही.

पालशेतच्या पुढे माझी चूक झाली. नकाशाच्या ॲपने एक उजवं वळण दाखवलं, चार किलोमीटर वाचतील म्हणे. आई मागून म्हणाल्या, “अगं, हा रस्ता नव्हे, ही पाखाडी आहे.” मी म्हटलं, आई, नकाशात आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), वर पोफळी, मधे जेमतेम एका गाडीची वाट. दीडशे-दोनशे मीटर आत गेल्यावर समोर पायऱ्या. नकाशात त्याही रस्ता म्हणूनच होत्या.

आता रिव्हर्स. दोन्ही आरसे मिटवून घेतले, कारण उघडे ठेवायला जागा नव्हती. म्हणजे मागचं काही दिसेना. तेवढ्यात आगरातून एक आजोबा आले, कमरेला पंचा, हातात कोयती. त्यांनी आधी गाडीचा नंबर वाचला, “पुणे” असं स्वतःशीच म्हणाले आणि मागे जाऊन उभे राहिले. “येऊ द्या. येऊ द्या. जरा डावं. एवढं नको. आता सरळ. सरळ म्हटलं मी.” वीस मिनिटं लागली. मी घामाने निथळत होते, मुलं मागे हसू दाबून बसली होती, आणि आजोबांना घाई अशी अजिबात नव्हती, मधेच कुणाची तरी चौकशी केल्यासारखं आईंना विचारलं, “माहेर कुठलं म्हणालात?” आईंनी गाव सांगितलं, घराचं नाव सांगितलं. ते घर त्यांना माहीत होतं. मग मी गडग्याला घासून उभी आणि त्यांची खिडकीतून चर्चा, कुठल्या साली कोणतं झाड पडलं याची. शेवटी मागच्या डाव्या दारावर हातभर ओरखडा उठला. त्यात बसलेली तांबडी धूळ तीनदा गाडी धुऊनही निघालेली नाही. आजोबांनी चार हापूस दिले, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, कॅनिंगला जाणारे आहेत, तुम्हीच खा. सहलीत खाल्लेले सगळ्यात चांगले आंबे ते.

तर नियम असा: रस्त्याला डांबर आहे तोवर नकाशाचं ऐका. दोन्ही बाजूंना गडगा आला की थांबा आणि माणसाला विचारा.

या घोळात साडेबारा झाले. वेळणेश्वराला उतरायचं होतं, ते सोडून दिलं आणि थेट हेदवी. नवऱ्याला भूक लागली होती, तरी भरती आधी आणि जेवण नंतर असंच ठरलेलं. जेवणाचा फोन मात्र सकाळीच करून ठेवला होता. या बाजूला घरगुती खाणावळीत आधी सांगितलं तरच स्वयंपाक होतो, दुपारी दोनला दारात जाऊन उभं राहिलात तर चहावर समाधान मानावं लागेल.

हेदवीचा दशभुज गणपती टेकडीवर आहे, त्याला गर्दी असते. बामणघळ खाली समुद्रावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ. तिथे आमच्याशिवाय एक जोडपं होतं आणि एक कुत्रा. काळ्या कातळात एक चीर आहे, समुद्रापासून आत येणारी. दोन-तीन हात रुंद असेल, आत निमुळती होत जाते. कुणी बामण तीत पडला म्हणून हे नाव, असं सांगतात. ओहोटीला बघितलीत तर म्हणाल, यासाठी एवढं आलो? दगडातली फट, तळाशी हिरवट पाणी.

आम्ही पोचलो ते एक वाजून पाच मिनिटांनी. पहिल्या दोन लाटा नुसत्याच आत आल्या आणि खळखळून परत गेल्या. मुलगा म्हणाला, एवढंच? तिसरी आली तेव्हा आधी काही दिसलं नाही, ऐकू आलं. पायाखालच्या दगडाच्या आत कुणी जड दार लावून घ्यावं तसा दबका धप्प आवाज, तोही कानापेक्षा तळपायाला जास्त कळलेला. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग चिरीच्या आतल्या टोकातून पाणी सरळ उभं वर गेलं, दोन पुरुष उंच तरी नक्की, पांढरं, वर जाऊन फुटलं आणि वाऱ्याने आमच्या अंगावर आलं. चष्म्यावर, ओठांवर मीठ. कुत्रा आधीच मागे सरकून बसला होता, त्याला ठाऊक होतं.

प्रत्येक लाटेला होत नाही. चार-पाच साध्या लाटा, मग एक मोठी. मुलांनी मोजायला सुरुवात केली, पण हिशेब लागला नाही. मेच्या शेवटी समुद्राला पावसाळ्याचा जोर यायला लागलेला असतो आणि पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, म्हणजे उधाणाचं पाणी. आमचं नशीब दोन्हीकडून चांगलं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत (भरती कमी असते तेव्हा) गेलात तर एवढं उडणार नाही. एक मात्र ऐका: चिरीच्या काठावर जाऊ नका, फोटोसाठी तर नाहीच. दगड शेवाळलेला असतो आणि मोठी लाट सांगून येत नाही. आम्ही दहा-बारा पावलं मागेच होतो, तरी चिंब.

आई एका दगडावर बसून राहिल्या होत्या. दीड वाजता त्यांनी घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. पाणी तेव्हा जरासं उतरायला लागलं होतं, असं मला वाटतं. मी म्हटलं, “बरोबर दीड, आई.”

जेवण अडीचला. डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी आणि आमरस. त्यानंतर गाडी चालवणं हा स्वतःवर अन्याय आहे. पडवीत अर्धा तास आडवी झाले, मग निघालो.

तवसाळ ते जयगड ही दुसरी बोट, शास्त्री नदीच्या मुखावर. इथे दाभोळसारखी गर्दी नव्हती, आमच्यासह चार गाड्या आणि एक आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो. जेट्टीवर मच्छीमार होड्या ओढून वर घ्यायच्या तयारीत होते. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. पलीकडे एका बाजूला जयगडचा किल्ला, दुसरीकडे बंदर आणि कोळशावरचा १२०० मेगावॉटचा वीजप्रकल्प. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. झाले की तुमचं ‘एका दमात मालवण’ कदाचित जमेलही. आजारी माणूस घेऊन रात्री दवाखान्यात पोचायचं असतं त्यांच्यासाठी ते व्हायलाच हवेत. मला बोटीच्या कठड्याला टेकून आंबा खायला मिळाला, एवढं मी माझ्यापुरतं म्हणते.

मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे, कौलारू, शांत. वीस मिनिटं द्या. गणपतीपुळ्याला सुट्टीत वाहनतळच भरलेला असतो. लांबून हात जोडले आणि पुढे गेलो. तिथे पाण्यात उतरू नका, किनारा फसवा आहे, दरवर्षी माणसं जातात.

आणि मग आरे-वारे. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाणारा हा किनाऱ्याचा रस्ता जेमतेम पंचवीस किलोमीटरचा. महामार्गावरच्या निवळीवरून जाऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. रस्ता आधी सुरूंच्या बनातून पाण्याच्या बरोबरीने जातो, मग डोंगरावर चढतो, आणि वळणावर दोन किनारे एकदम दिसतात, मधे डोंगराचं नाक. साडेसहाला पोचलो. वर गाडी लावायला थोडी जागा आहे. वळणावर मात्र थांबू नका, मागून एसटी येते. सात वाजून गेल्यावर सूर्य बुडाला. त्याचं वर्णन करत नाही, सूर्यास्ताचे फोटो तुमच्या फोनमध्ये असतीलच. मला आठवतंय ते खालच्या वाळूवरचं. ओहोटी लागून पाणी बरंच मागे गेलेलं आणि ओल्या वाळूवर दोन माणसं जाळं घडी करत होती, चादरीची करतात तशी, दोघे दोन टोकं धरून एकमेकांकडे चालत येत.

मुलांना निघायचं नव्हतं, मला अंधारात साखरतरचा पूल आणि शहरातली गर्दी नको होती. आठला रत्नागिरीत.

तुमच्यासाठी आणखी एक. मालवणला स्कूबा वगैरे करायचं मनात असेल तर आधी चौकशी करा, मेच्या शेवटच्या आठवड्यात पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी बंद होतात. आम्ही पोचलो तेव्हा झालेच होते. आणि बोटींच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, शेवटची बोट चुकली की रात्र तिथेच.

रत्नागिरीच्या लॉजवर खोलीत सामान टाकलं, नवरा आमसुलांची पिशवी बाल्कनीत ठेवायला गेला. मुलगी पलंगावर उताणी पडून छताकडे बघत पुटपुटत होती. मी विचारलं, काय गं? म्हणाली, “उद्या तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे उद्या जेवून निघालो तरी चालेल.”